गाडी खाली असते

सासूबाईंनी एकच अट घातली होती. ‘दमले की मी एकटी हॉटेलवर परत जाणार आणि बरं वाटलं की एकटीच पुन्हा येणार. माझ्यापायी कुणी खोळंबायचं नाही.’ सांगलीहून फोनवर एवढं बोलून, गॅसवर दूध आहे म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

माझ्या नवऱ्याला ही अट मान्य करायला काहीच अडचण नव्हती, कारण ती पाळायचा त्याचा विचार नव्हता.

सासरे गेल्यापासून सासूबाई सांगलीच्या घरात एकट्या राहत होत्या. मुलगे दोन. थोरला म्हणजे माझा नवरा, फरीदाबादच्या एका कारखान्यात, धाकटा पुण्यात. त्या वर्षी शेजारणीनं धाकट्याला फोन करून सांगितलं, की आई बँकेत जायला निघाल्या आणि मिरजेत सापडल्या. ‘सापडल्या’ हा शब्द शेजारणीचा. सांगलीहून मिरज म्हणजे काही परमुलूख नाही, शहर बसनं लोक रोज जातात-येतात. पण बातमी पुण्यावरून फरीदाबादला पोचेपर्यंत तिचं दुखणं झालं होतं. विस्मरण, चुकणं, हरवणं, हे शब्द आमच्या घरात रोज ऐकू येऊ लागले. दोघा भावांनी ठरवलं, की आईला आता एकटं ठेवायचं नाही. सांगलीचं घर भाड्यानं द्यायचं आणि आईला फरीदाबादला आणायचं. थोरले म्हणून आमच्याकडे.

प्रश्न होता तो हे आईला सांगायचं कुणी आणि कुठं. धाकट्या दिराला कल्पना सुचली. दिवाळीच्या सुट्टीत सगळे दिल्लीला जमू, मुलांना थीम पार्क दाखवू, एक मुक्काम तिथल्याच हॉटेलात करू आणि जेवताना विषय काढू.

‘मोकळ्या वातावरणात आई नाही म्हणणार नाही, वहिनी.’

‘आई कुठल्याही वातावरणात नाही म्हणतात, भाऊजी,’ मी म्हटलं.

हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे आलं. पार्क यमुनेपलीकडं. आमच्याकडून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे पुलावरच्या गर्दीत दोन्ही वेळा गुडघे दुमडून बसणं, आणि सासूबाईंचे गुडघे तेवढे दुमडत नाहीत. म्हणून मुक्काम हवाच होता. माझ्या जावेनं पुण्याहून चार-पाच हॉटेलांचे फोटो पाठवले. सगळ्यांत निळं पाणी आणि पाण्याकाठी पांढऱ्या खुर्च्या. एकाखाली तिनं लिहिलं होतं, ‘इथला ब्रेकफास्ट म्हणे फार छान असतो.’

मी नोकरीला लागल्यापासून फरीदाबादहून दिल्लीतल्या सरकारी ऑफिसात जाते. आधी चार्टर्ड बसनं जायचे, मेट्रो आल्यावर मेट्रोनं. त्यामुळे कुठलीही जागा बघताना खोली कशी आहे हे मी शेवटी विचारते. दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर पुढं काय, हे आधी. आणि या वेळी तर मला सरळच दिसत होतं, की त्या दिवशी सासूबाई एकट्या नीट गेल्या-आल्या, तर मुलांचं म्हणणं लंगडं पडणार. कुठं अडखळल्या, तर सांगलीचं घर गेलं. म्हणजे मी शोधत होते ते हॉटेल नव्हतं, परीक्षा केंद्र होतं. मी कुणाच्याच बाजूनं नव्हते. त्या आल्या असत्या तर माझ्या मुलीला हॉलमध्ये झोपावं लागलं असतं आणि मला कांद्याच्या फोडणीचं नव्यानं शिक्षण मिळालं असतं, पण या गोष्टी चालवून घेता येतात. परीक्षा घ्यायचीच तर पेपर वाचता येईल असा असावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

पहिल्या हॉटेलला फोन केला. ‘पार्क कितना दूर है?’

‘दूर कहाँ, मॅडम? बिल्कुल सामने है।’

रविवारी मी स्वतः जाऊन पाहिलं. दिल्लीकडं ‘सामने’ म्हणजे दिसतं, एवढंच. पार्कचा मोठा पाळणा हॉटेलच्या दारातून स्वच्छ दिसत होता आणि मधे असा रस्ता होता, की तो ओलांडायचा विचार कुत्रीसुद्धा करत नव्हती. वरून पादचारी पूल होता. पुलाला लिफ्टही होती. लिफ्टमध्ये कुणीतरी फुलझाडांच्या कुंड्या ठेवून दाराला कुलूप लावलं होतं. कुंड्यांना पाणी मात्र वेळच्या वेळी घातलेलं दिसत होतं.

दुसरं हॉटेल मेट्रो स्टेशनला लागून. स्टेशनची लिफ्ट चालू होती, मी दोनदा वरखाली करून पाहिलं. पण एक स्टेशन गेल्यावर पुढं पार्कच्या दारापर्यंत ई-रिक्शा. तिच्यातही बसून पाहिलं. चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर, आणि दर गतिरोधकाला चौघांची नव्यानं ओळख. मी पन्नाशीची, धडधाकट बाई. दोन्ही हातांनी दांडी धरून बसले होते. सासूबाईंचा एक हात कायम पर्सवर असतो. म्हणजे दांडीला उरला एक.

तिसरं हॉटेल पार्कच्याच मालकांचं. खोल्या महाग, पाणी निळं, आणि हॉटेलच्या पोर्चमधून पार्कच्या फाटकापर्यंत त्यांची स्वतःची गाडी.

‘कब-कब चलती है?’ मी विचारलं.

‘चलती रहती है, मॅडम।’

‘टाइम क्या है?’

‘जब भर जाए।’

‘और न भरे तो?’

‘सुबह-शाम तो भर ही जाती है। दोपहर को खाली रहती है, तब एक सवारी को भी छोड़ आते हैं।’

हे मला पटलं. जाऊन गाडीची पायरी पाहिली. माझ्या नडगीच्या निम्म्याला लागली, म्हणजे सासूबाईंना जमणार. मी खोल्या ठरवून टाकल्या.

‘रूम्स कशा आहेत?’ नवऱ्यानं विचारलं.

‘पलंग आहेत.’

रात्री सगळ्यांना एकदम फोन लावून मी सांगितलं. सासूबाईंना वेगळं, हळू, समजावून सांगितलं. ‘आई, हॉटेलची गाडी आहे. सकाळी आणि संध्याकाळी दारातच उभी असते, पण भरल्याशिवाय सुटत नाही. दुपारी गाडी खाली असते. तेव्हा बिनधास्त जाऊन बसायचं, लगेच सोडतात.’

‘दुपारी खाली असते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘बरं. लक्षात ठेवते.’

दिराच्या कुटुंबाबरोबर त्या पुण्याहून विमानानं आल्या. विमानाबद्दल त्यांचं मत असं झालं, की एवढा वेळ बसून खिडकीतून एकही गाव वाचता आलं नाही.

पार्कमध्ये सकाळ बरी गेली. मुलं उलटी लटकली, ओरडली, पुन्हा रांगेत उभी राहिली. सासूबाई छोट्या आगगाडीत बसल्या, नावेत बसल्या, एका अंधाऱ्या भुताच्या घरात जाऊन ‘इथं जळमटं खरी दिसतात’ म्हणत बाहेर आल्या. जेवणाच्या आधीच त्यांचे गुडघे बोलायला लागले.

‘मी जाते आता. जरा आडवी होते आणि उन्हं उतरायच्या आत येते. मोठ्या पाळण्यात बसायचंय मला. तिथंच भेटू.’

‘मी येतो सोडायला,’ नवरा म्हणाला.

‘अट काय होती?’

‘अगं, पण आई...’

‘तू आलास तर मी पाळण्यात बसणार नाही.’

फाटकाबाहेर हॉटेलची गाडी उभी होती. त्या एकट्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि आमच्याकडं न बघता गेल्या. थोड्या वेळानं खोलीतून फोन आला, की पोचले, पडते. नवऱ्यानं फोनवरच बजावलं, की मोबाइल चार्जिंगला लाव. त्यांनी लावला.

ऊन कलायला लागलं तसे आम्ही फाटकाशी जाऊन उभे राहिलो. ‘पाळण्याशी भेटू’ असं ठरलं होतं, पण नवऱ्याला धीर नव्हता. हॉटेलची गाडी आली. आतून कुणीच उतरलं नाही. पुन्हा एक फेरी झाली. त्यात एक नवं जोडपं आणि त्यांची बॅग होती. दिरानं ड्रायव्हरला विचारलं.

‘कोई माताजी नहीं आईं, साहब।’

सासूबाईंचा मोबाइल वाजत राहिला. हॉटेलला फोन केला. मजल्यावर झाडणारी बाई म्हणाली, माताजी लिफ्टनं नीचे गेल्या, बराच वेळ झाला. नीचे रिसेप्शन. रिसेप्शनवाल्यानं कुणालाच पाहिलं नव्हतं.

नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, ‘मिरज झालं.’

दोघे भाऊ लगेच हॉटेलच्या गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, ‘भर जाए तो चलते हैं, साहब।’ दोघं तिथंच त्याच्याशी भांडले, उतरले आणि टॅक्सी करून गेले. जाताना नवरा मला म्हणाला, ‘बघितलंस ना? आता तरी पटलं?’ मी काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे पटायचं काय होतं ते कळलं नाही. जाऊ मुलांना घेऊन तिथंच फाटकाशी थांबली. मी पाळण्याकडं गेले, कारण सासूबाईंनी पाळण्याशी भेटू म्हणून सांगितलं होतं आणि त्या सांगितल्या ठिकाणी भेटतात असा माझा अनुभव होता.

पाळण्यासमोरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. हातात भाजलेलं कणीस. बाकावर त्यांच्या शेजारी एक भलंमोठं अस्वलाचं डोकं होतं आणि डोक्यापलीकडं हॉटेलच्या गणवेशातली एक बाई, तीही कणीस खात.

‘कुठं होतात सगळे?’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी केव्हाची येऊन बसले आहे. हिचाही खोळंबा झाला. तुम्ही भेटेपर्यंत ही हलेना.’

‘तुम्ही आलात कशा?’

‘गाडीनं. तू सांगितलंस तशी.’

‘आई, गाडीतून तुम्ही उतरला नाहीत. आम्ही फाटकाशीच होतो.’

‘फाटकाशी कशाला उतरेन? आमची गाडी मागच्या दारानं आत आली.’ त्यांनी कणसाचा एक दाणा काढून नीट चावला. ‘तूच म्हणालीस ना, दुपारी गाडी खाली असते? मी लिफ्टमध्ये सगळ्यात खालचं बटण दाबलं. होती की गाडी. जरा अंधार आहे खाली, तेवढं त्यांना सांगायला पाहिजे.’

त्या तळघरात गेल्या होत्या. तिथं हॉटेलचा धोबीखाना आहे. पार्कात अस्वलं आणि ससे होऊन फिरणाऱ्या माणसांचे कपडे तिथं धुतले जातात आणि संध्याकाळच्या खेळाआधी एका बंद गाडीतून पार्कात परत पोचवले जातात. सासूबाई त्या गाडीच्या दाराशी जाऊन ‘पार्क?’ म्हणाल्या. धोबीखान्यातली बाई म्हणाली, हो, पार्कच. सासूबाई चढून बसल्या. कुणी विचारायच्या आत त्यांनी सशाचं एक डोकं मांडीवर घेतलं, कारण ते पडत होतं.

‘अम्मा जी ने कहा, आपने ही बोला था,’ ती बाई मला म्हणाली. मग अस्वलाचं डोकं काखेत मारून निघून गेली.

मी बाकावर बसले. मी ‘खाली’ म्हणाले होते, ते रिकामी या अर्थानं. इतकी वर्षं दिल्लीकडं काढल्यावर माझ्या तोंडात रिकामं काही उरलेलं नाही. सीट खाली असते, सिलिंडर खाली होतो, फ्लॅट खाली मिळतो. सांगलीच्या बाईला खाली म्हणजे खाली. तिनं सांगितलेलं ऐकलं, लक्षात ठेवलं आणि बरोबर तसंच केलं.

नवऱ्याला फोन करून सांगितलं, की आई भेटल्या, पाळण्याशी आहेत. तो म्हणाला, ‘हलू देऊ नकोस, आम्ही येतो.’ परतीच्या रस्त्यावर गर्दी लागली होती.

‘ते येईपर्यंत बसून घेऊ,’ सासूबाई म्हणाल्या.

आम्ही पाळण्यात बसलो. चढायला त्यांनी माझा हात धरला, पर्स दुसऱ्या हातात. पाळणा हळूहळू वर गेला. खाली दिवे लागत होते. सगळ्यात वर पोचल्यावर तो माणसं घ्यायला थांबला आणि सासूबाईंनी मला विचारलं, ‘मला घेऊन यायचं ठरलंय ना तुमचं?’

‘दोघांचं ठरलंय.’

‘तुझं?’

‘मला कुणी विचारलेलं नाही.’

‘मी विचारते. तुझ्या घरून मला एकटीला कुठवर जाता येईल?’

मी विचार केला. प्रश्न माझ्याच पद्धतीचा होता, त्यामुळे उत्तर खरं द्यावं लागलं. ‘आमच्या मजल्यावरून लिफ्ट आहे. वीज गेली की नाही. सोसायटीच्या फाटकाबाहेर डावीकडं दुधाचा बूथ. तिथपर्यंत.’

‘पुढं?’

‘पुढं रस्ता ओलांडावा लागतो. फुटपाथ नाही. बाजाराला ई-रिक्शा मिळते, पण त्या मुख्य रस्त्यावर.’

‘मग तू भाजी कशी आणतेस?’

‘ऑफिसातून येताना. दिल्लीतनं.’

‘म्हणजे मी दुधाच्या बूथपर्यंत,’ त्या म्हणाल्या. ‘सांगलीत माझ्या दारातून भाजीवाली जाते आणि कोपऱ्यावर बस थांबते. दूध घरी येतं, ते वेगळंच.’

पाळणा सुरू झाला. खाली येईपर्यंत त्या पार्कातली झाडं मोजत होत्या की माणसं, ते मला कळलं नाही.

जेवायला हॉटेलच्याच हॉलमध्ये बसलो. नवऱ्याचा चेहरा धावपळीनं उतरला होता, पण त्याला आता मुद्दाही सापडला होता. भात वाढून होताच त्यानं सुरुवात केली.

‘आई, आज काय झालं, पाहिलंस ना?’

‘काय झालं?’

‘तू हरवलीस.’

‘मी पाळण्याशी होते. तुम्ही हॉटेलवर होतात. हरवलं कोण?’

‘तळघरात कोण जातं, आई?’

‘मी गेले होते,’ माझी जाऊ म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. ती पुण्याची, तिनं पानातून डोकं वर काढलं नाही. ‘आल्या आल्या. वहिनी म्हणाल्या होत्या ना, गाडी खाली असते. मी पार्किंगमध्ये जाऊन शोधून आले. मग कुणाला बोलले नाही.’

दीर पाणी प्यायला. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगून टाकलं, की चूक माझ्या शब्दाची आहे, आईंच्या डोक्याची नाही.

‘बरं, आजचं सोड,’ तो म्हणाला. ‘मिरजेचं काय?’

‘मिरजेला मी इडली खायला गेले होते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘बँकेत ही गर्दी. म्हटलं, उद्या बघू.’

‘मग कुणाला सांगायचं तरी!’

‘शेजारीण भेटली तिथं, तिला सांगितलं की. तिलाही म्हटलं, खा. तिचा उपास होता.’

हे त्याला अनपेक्षित होतं. पण भाषण पाठ करून आलेला माणूस मधे थांबत नाही. त्यानं वाटी बाजूला सारली आणि मुख्य वाक्य म्हणून टाकलं. ‘ते असू दे. आम्ही दोघांनी ठरवलंय, आई. सांगलीचं घर आता खाली करायचं.’

सासूबाईंनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. ‘तळमजल्यावरच आहे ते,’ त्या म्हणाल्या. ‘अजून किती खाली करतोस?’

आधी जावेला ठसका लागला. मग दीर. मग मी. माझी मुलगी सगळ्यांकडं बघत राहिली आणि मला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘तळमजला म्हणजे काय गं?’

‘ग्राउंड फ्लोअर,’ तिचा बाप म्हणाला. त्याला हसू आलं नव्हतं.

‘आई, काळजी वाटते म्हणून म्हणतोय,’ शेवटी तो म्हणाला.

‘माहीत आहे. म्हणून तर आले. पण तुझ्याकडं मला दुधाच्या बूथपर्यंतच जाता येतं. चौकशी केलीय मी.’

‘मी नेईन की गाडीनं.’

‘गाडी तू सकाळी कारखान्यात नेतोस.’

‘मग टॅक्सी...’

‘टॅक्सी करून कोथिंबीर आणू?’ त्यांनी भातावर ताक ओतलं. ‘सुट्टीत येत जाईन. पंधरा दिवस बूथपर्यंत चालतं मला. घर आहे तिथं राहू दे.’

दीर म्हणाला, ‘दादा, राहू दे रे.’ कल्पना त्याचीच होती, पण पुण्याची माणसं वेळेवर बाजूला होतात.

जाताना त्यांना विमान नको होतं. एकटी जाईन, रेल्वेनं, म्हणाल्या. नवरा दोन दिवस धुसफुसला आणि मग त्यानंच तिकीट काढलं. गाडी निजामुद्दीनहून मिरजेपर्यंत, तिथून सांगलीची बस. मी डब्यात चढून जागा पाहिली. ‘आई, खालचा बर्थ आहे,’ म्हटलं आणि हातानं कुठला ते दाखवलं. त्यावर एक गृहस्थ झोपले होते. त्यांना उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवसाअखेरीस फोन आला. नवऱ्यानं स्पीकरवर घेतला.

‘पोचले,’ सासूबाई म्हणाल्या. मागं स्टँडचा कालवा ऐकू येत होता. ‘मिरजेत आहे.’

‘बस मिळाली का?’

‘समोर उभीय. इडली खाते आणि जाते. रिकामीच आहे बस.’ मग आवाज जरा चढवून, ‘तिला सांग, खाली आहे म्हणून.’